रुळांपलीकडचे तळे: त्सेल आम झेमधील सहा रात्री

आमच्या खोलीच्या खिडकीतून आधी एक अरुंद रस्ता दिसत असे, मग रेल्वेचे रूळ, मग तळे आणि तळ्याच्या पलीकडे डोंगर. हॉटेलच्या जाहिरातीतील छायाचित्रात रस्ता आणि रूळ दोन्ही नव्हते, कारण छायाचित्र घेणाऱ्याने कॅमेरा अशा बेताने धरला होता की नको ते सगळे खिडकीच्या चौकटीखाली नेमके झाकले जावे. पहिल्याच रात्री अडीचच्या सुमारास एक लांबलचक मालगाडी गेली, तेव्हा न्हाणीघरात काचेच्या पेल्यात ठेवलेले दात घासायचे ब्रश किणकिणले. सकाळी सासूबाई न्याहारीला आल्या त्या "रात्री मिरज कितीला आलं गं?" असे विचारतच.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. ते रूळ तिथे नसते तर ती खोली आम्हाला परवडलीच नसती, आणि ऑस्ट्रियातील तळ्याकाठी, स्कीच्या ऐन हंगामात, चौघांनी सहा रात्री राहण्याचा हिशेब बसला तो मुख्यतः त्या रुळांमुळेच.

आम्ही म्युनिकजवळ राहतो. लेक सहा वर्षांची व्हायची आहे आणि येत्या सप्टेंबरात ती पहिलीत जाईल. बव्हेरियात मूल एकदा शाळेत जाऊ लागले की सहलीसाठी शाळा बुडवू देत नाहीत, त्यामुळे सुट्ट्यांच्या तारखा सांभाळून, म्हणजेच सगळे जग जेव्हा डोंगरात असते तेव्हाच, आणि दुप्पट दर मोजून जाणे एवढाच मार्ग उरतो. नाताळात सुरू झालेली गर्दी ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला संपते. त्यानंतर फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या लागेपर्यंत दोन-तीन आठवडे हॉटेले अर्धी रिकामी असतात. तिकडचे हॉटेलवाले या दिवसांना ‘जानेवारीचा खड्डा’ म्हणतात. बर्फ तर याच दिवसांत भरवशाचा असतो, थंडी कडक असते, आणि दर खाली आलेले असतात. हा खड्डा आम्हाला वापरता येण्याचे हे शेवटचे वर्ष होते. त्यात कोल्हापूरहून सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचे वय ६८, गळ्यात तुळशीची माळ, रोज पहाटे रंकाळ्याभोवती फिरण्याचा तीस वर्षांचा नेम, आणि स्की या प्रकाराबद्दल त्यांचे मत एका वाक्याचे: "पडायला इतके पैसे कशाला?"

म्हणजे चौघांपैकी एक बऱ्यापैकी स्की करणारा (नवरा), एक चौतिसाव्या वर्षी शिकलेली आणि अजून निळ्या, म्हणजे सोप्या उतारांवरच रमणारी (मी), एक अगदी नवशिकी, आणि एक अजिबात न करणारी. स्कीच्या सहलीची बहुतेक हॉटेले या चौथ्या माणसाचा विचारच करत नाहीत. उंचावरच्या ज्या वसाहती खास स्कीसाठी उभारलेल्या असतात, तिथे दारातून बाहेर पडले की थेट उतार असतो हे खरे, पण स्की न करणाऱ्याला तिथे खोली, उपाहारगृह आणि खिडकी यांपलीकडे काही नसते. दिवसभर दुसऱ्यांचे हेल्मेट आणि हातमोजे सांभाळत बसायचे. चार माणसांचे पैसे भरून त्यातल्या एकाला कोंडून ठेवायचे असेल तर ते हॉटेल कितीही स्वस्त असले तरी महागच पडते. म्हणून आम्ही तळ्याकाठचे, खरेखुरे, माणसे बारा महिने राहतात असे गाव शोधू लागलो आणि त्सेल आम झेपाशी येऊन थांबलो.

हे गाव साल्झबर्ग राज्याच्या पिन्त्सगाउ भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, एका तळ्यात शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या तुकड्यावर वसलेले आहे. आठव्या शतकात इथे धर्मप्रसारक साधूंची वस्ती होती; त्यांच्या खोपटाला लॅटिनमध्ये ‘चेला’ म्हणत, त्यावरूनच ‘त्सेल’. ‘आम झे’ म्हणजे तळ्याकाठचे. पण पर्यटकांचे गाव म्हणून त्याचे नशीब उघडले ते १८७५ मध्ये, जेव्हा साल्झबर्गला शेजारच्या टिरोल राज्याशी जोडणारा लोहमार्ग या काठाने गेला. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जागा इतकी थोडी होती की रूळ अगदी पाण्याला लागून टाकावे लागले, आणि गाव व तळे यांच्या मधोमध ते कायमचे बसले. मोटारींची वर्दळ १९९६ मध्ये डोंगराच्या पोटातून काढलेल्या पाच किलोमीटरच्या बोगद्यात गेली, त्यामुळे गाव शांत झाले. रेल्वे मात्र जिथे होती तिथेच राहिली.

परिणामी त्सेलमध्ये ‘तळ्याकाठचे हॉटेल’ या शब्दांचे निदान चार अर्थ होतात आणि प्रत्येक अर्थाचा दर वेगळा असतो. रुळांच्या पलीकडे, प्रत्यक्ष पाण्यावर, मोजकीच जुनी भव्य हॉटेले आहेत; त्यांचे दर आमच्या दुपटीहून अधिक होते. रुळांच्या अलीकडे, पण तळ्याकडे तोंड करून असलेली हॉटेले ही दुसरी पायरी, आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाची. तिसऱ्या पायरीवर जाहिरातीत ‘झेब्लिक’, म्हणजे तळ्याचे दर्शन, असे लिहिलेले असते, पण त्याच्या आधी ‘बाजूने’ या अर्थाचा एक छोटा शब्द असतो, आणि तो वाचायचा राहिला की सज्जात उभे राहून, उजवीकडे मान वळवून, दोन इमारतींच्या फटीतून निळी रेघ पाहावी लागते. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी आम्ही अशा रेघेचे रीतसर पैसे मोजले आहेत. चौथ्या पायरीवर ‘तळ्यापासून २०० मीटर’ असते. ते अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले असते. चालत जायचे तर रुळांखालचा भुयारी रस्ता गाठावा लागतो आणि त्या २०० मीटरांचे ६०० होतात.

आम्ही दुसऱ्या पायरीवरचे, एकाच कुटुंबाने चालवलेले तीन ताऱ्यांचे हॉटेल निवडले. रविवारी पोहोचून शनिवारी निघायचे ठरवले. एरवी बहुतेक लोक शनिवार ते शनिवार येतात आणि एक रात्र कमी घेणाऱ्याला सहसा कोणी विचारत नाही. खड्ड्याच्या दिवसांत मात्र विचारतात. दर माणशी, दर रात्री १०९ युरो पडला, त्यात सकाळची न्याहारी, दुपारचा फराळ आणि रात्रीचे चार पदार्थांचे जेवण आले. लेकीचे ४० युरो. शेजारच्या खोऱ्यात उताराला लागून असलेल्या हॉटेलने त्याच दिवसांसाठी माणशी १९० सांगितले होते. सासूबाईंनी पहिल्या दिवशी याचे रुपये करून पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून करणे सोडून दिले.

म्युनिकहून व्यॉर्गलला गाडी बदलून साधारण तीन तासांत आम्ही त्सेलच्या स्थानकावर उतरलो. स्थानक तळ्यालाच लागून आहे, त्यामुळे फलाटावरून उतरल्या उतरल्या पाणी दिसते. हॉटेल चालत नऊ मिनिटांवर होते. हिवाळ्यात पाय घसरू नये म्हणून रस्त्यांवर बारीक खडी पसरलेली असते आणि तिच्यावरून चाकांच्या बॅगा ओढताना असा काही कर्कश आवाज होतो की आम्ही येत आहोत हे साऱ्या गल्लीला कळले असावे. गाडी न नेण्याचा निर्णय पैशांच्या दृष्टीनेही बरा ठरला. ऑस्ट्रियाच्या द्रुतगती मार्गांसाठी लागणारा टोलचा परवाना नको, हॉटेलचे पार्किंग नको, आणि गावात पोहोचल्यावर तर वाहनाची गरजच नव्हती: स्कीचा पास असला की स्कीबस मोफत, आणि २०२५ च्या मे महिन्यापासून साल्झबर्ग राज्यात मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांना राज्यातल्या बस आणि गाड्याही मुक्कामाच्या दिवसांपुरत्या मोफत झाल्या आहेत.

या मोफत प्रवासाचा सर्वाधिक लाभ सासूबाईंनी घेतला. त्सेलहून पश्चिमेकडे साल्झाख नदीच्या खोऱ्यातून एक छोटी गाडी जाते. १८९८ साली सुरू झालेला हा मार्ग ७६० मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे अरुंद मापाचा आहे. सासूबाई माहेरून पंढरपूरला जायच्या त्या मिरजेहून सुटणाऱ्या बार्शी लाइटने, आणि तिचे माप ७६२ मिलिमीटर. दोन मिलिमीटरांचा काय तो फरक. बार्शी लाइट मोठ्या मापात गेली त्याला आता बरीच वर्षे झाली, पण इथल्या बर्फाच्या शेतांमधून डुलत जाणाऱ्या डब्यात बसल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "हिसका तसाच आहे." एकदा माझ्याबरोबर आणि नंतर दोनदा त्या एकट्या जाऊन आल्या.

आता हाफ बोर्डविषयी, म्हणजे न्याहारी आणि रात्रीचे जेवण खोलीच्या दरातच धरण्याच्या पद्धतीविषयी, जरा सविस्तर लिहिते, कारण स्कीच्या सहलीत पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथेच. स्वयंपाकघर असलेली सदनिका कागदावर नेहमीच स्वस्त दिसते. आम्हालाही १३०० युरोंत सहा रात्री एक मिळत होती. पण चार तास बर्फात लोळून आल्यावर ओल्या कपड्यांतल्या पोराला भूक लागलेली असताना कणीक मळायला कोणाच्याही अंगात त्राण नसते, मग रोज संध्याकाळी बाहेर जेवणे होते, आणि चौघांचे बाहेरचे जेवण सहा वेळा धरले की तो कागदावरचा फायदा वितळून जातो. हाफ बोर्डमध्ये आणखी एक गोष्ट मिळते जिची जाहिरात फारशी होत नाही: दुपारी तीन ते पाच या वेळात मांडलेला फराळ. सूप, ब्रेड, चीज, एखादा केक. डोंगरावरच्या उपाहारगृहात दुपारचे साधे जेवण पंधरा-वीस युरोंच्या आत होत नाही. त्याऐवजी डोंगरावर सफरचंद आणि चिवडा खाऊन तीनला खाली उतरायचे, हा आमचा शिरस्ता होता. न्याहारीच्या टेबलावरून पाव बांधून नेणे मात्र तिथे असभ्य मानतात. मागितल्यास बांधून देतात आणि बिलात लावतात. तेही रास्तच आहे.

पेये दरात धरलेली नसतात. पहिल्या रात्री आम्ही सवयीने पाण्याची बाटली मागवली आणि बिल पाहून दुसऱ्या रात्रीपासून नळाचे पाणी मागू लागलो. ते डोंगरातल्या झऱ्याचे असते आणि बाटलीतल्यापेक्षा चांगले लागते. खोलीत पाणी उकळायची किटली नव्हती, आणि ऑस्ट्रियातल्या अशा घरगुती हॉटेलांत ती सहसा नसतेच. स्वतःची आणून लावणे नियमांत बसत नाही. सकाळी साडेपाचला चहा ही ज्यांची गरज आहे अशांना बरोबर घेऊन जाणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा. आम्ही मालकीणबाईंना अडचण सांगितली तेव्हा त्यांनी रोज रात्री उकळत्या पाण्याचा एक मोठा थर्मास आणि छोट्या सुरईत दूध द्यायला सुरुवात केली. त्याचे पैसे लावले नाहीत.

माळकरी माणसाच्या जेवणाचा प्रश्न मात्र थर्मासाने सुटणारा नव्हता. ‘शाकाहारी’ हा शब्द तिकडे सगळ्यांना कळतो, पण त्याचा अर्थ ताटात मांसाचा तुकडा नको एवढाच धरला जाण्याचा धोका असतो. पहिल्या रात्री सूप आले. पारदर्शक, सोनेरी रंगाचे, त्यात आपल्या धिरड्याच्या बारीक पट्ट्या कापून सोडाव्यात तसे काहीतरी, वर चिरलेली कांद्याची पात. दिसायला इतके सात्त्विक की सासूबाईंनी चमचा उचललासुद्धा. या सूपला ‘फ्रिटाटनझुपे’ म्हणतात, आणि धिरड्याच्या त्या पट्ट्या ज्या पाण्यात पोहत असतात ते गाईच्या मांसाचे आणि हाडांचे उकळून काढलेले पाणी असते. नवऱ्याने ऐन वेळी "आई, थांब" म्हणून वाटी ओढली. वाढणाऱ्या मुलीला काय चुकले ते समजेना. ती पुन्हा पुन्हा सांगत होती की यात मांस नाही. शेवटी स्वयंपाक्याला बाहेर यावे लागले. त्याने खिशातून वही काढली आणि कशाकशाचा अर्क चालत नाही ते एकाखाली एक लिहून घेतले: गाय, कोंबडी, मासा, डुकराची चरबी, जिलेटिन. जिलेटिनपाशी तो थांबला, जरा विचार केला, आणि त्या रात्रीची फळांची जेली स्वतःच खोडून टाकली.

त्यानंतर पाच रात्री सासूबाईंचे जेवण उत्तम झाले. पिन्त्सगाउची खासियत असलेले ‘कासनॉकन’ म्हणजे मैदा आणि अंड्यांच्या छोट्या गोळ्या, उग्र वासाच्या स्थानिक चीजमध्ये लोखंडी कढईत परतून वर तळलेला कांदा घातलेल्या. अंडे असल्यामुळे त्या त्यांना चालल्या नाहीत, पण आम्ही कढईच्या तळाची खरपुडी सुद्धा खरवडून खाल्ली. त्यांच्यासाठी बटाटे, कोबी, मसूर आणि पालेभाज्यांचे काही ना काही येत राहिले. त्या वर्षी संक्रांत आणि एकादशी एकाच दिवशी आली होती. उपवासाला काय चालते हे सांगायला मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा यादी ऐकून स्वयंपाकी हसला, कारण त्यात बटाटा, लोणी, मीठ आणि दूध एवढेच होते, आणि त्याच्या मते हे सगळे मिळून पिन्त्सगाउच्या शेतकऱ्याचे जुने रात्रीचे जेवणच होते. सालासकट उकडलेले बटाटे फडक्यात गुंडाळून आले. सासूबाईंनी पिशवीतून आणलेले भाजलेले जिरे त्यावर चुरडले आणि उठून मालकीणबाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोला" याचे जर्मन मला नीट करता आले नाही. मी तिळाचा लाडू एवढेच सांगितले.

स्कीबद्दल लिहायचे तर गावाच्या पाठीशीच श्मिटनह्योहे हा १९६५ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्यावरची केबलकार १९२७ च्या अखेरीस सुरू झाली आणि ती साल्झबर्ग राज्यातली पहिली. आता गावाच्या मध्यापासून निघणारी गोंडोला, म्हणजे छोट्या बंद डब्यांची केबलकारही आहे, तिला हॉटेलपासून चालत सात-आठ मिनिटे लागत. तळ्याकाठच्या गावांबद्दल सगळ्यांना येणारी शंका अशी की इतक्या खाली बर्फ टिकतो का. शंका रास्त आहे. ७५० मीटरवर जानेवारीतही पाऊस पडू शकतो, आणि आमच्या मुक्कामात एक दिवस गावात चिखल होता आणि वर शुभ्र बर्फ. पण श्मिटनवर सगळ्या उतारांना कृत्रिम बर्फाची सोय आहे. बर्फ उडवणाऱ्या तोफांना त्यासाठी केवळ पाणी पुरत नाही, हवा थंड आणि कोरडी लागते, आणि म्हणूनच त्या बहुधा रात्री चालतात. आमच्या खिडकीतून पाहिले तर डोंगरावर दिव्यांच्या उजेडात त्यांचे फवारे दिसत. त्यातूनही हवा बिघडलीच तर सात-आठ किलोमीटरवरच्या काप्रूनजवळ कित्सश्टाइनहॉर्न हा ३२०३ मीटरचा डोंगर आणि त्याची हिमनदी हाताशी आहे. तिथे १९६५ पासून स्की चालते. ऑस्ट्रियातले हिमनदीवरचे ते पहिले स्कीक्षेत्र. पास दोन्हीकडे आणि शेजारच्या झालबाखमध्येही चालतो. मोठ्या माणसाचा सहा दिवसांचा पास साडेतीनशे ते चारशे युरोंच्या घरात जातो, म्हणून मी सहाऐवजी तीनच दिवसांचा घेतला आणि उरलेले दिवस सासूबाईंबरोबर काढले. तो निर्णय केवळ काटकसरीचा नव्हता. माझ्या गुडघ्यांचाही त्याला पाठिंबा होता.

नवरा कित्सश्टाइनहॉर्नवर दोन दिवस गेला. मी एकदाच गेले, ३०२९ मीटरवरच्या सज्जातून डोंगररांगा पाहिल्या आणि वाऱ्याने गाल सोलून निघाल्यावर खाली आले. पायथ्याशी ११ नोव्हेंबर २००० च्या आगीचे स्मारक आहे. बोगद्यातून वर जाणाऱ्या रेल्वेला आग लागून त्या दिवशी १५५ माणसे गेली. ती रेल्वे नंतर कधी प्रवाशांसाठी चालली नाही. आता वर जायला सगळ्या उघड्या आकाशाखालच्या गोंडोला आहेत.

लेकीची स्कीशाळा हे वेगळेच प्रकरण होते. पाच वर्षांच्या मुलाच्या पायात स्कीचा बूट चढवणे म्हणजे ओल्या वाळूत खांब रोवण्यासारखे असते. मोजा एकच हवा, त्याला एकही सुरकुती नको, विजारीचे टोक बुटाच्या बाहेर हवे, आणि हे सगळे जमून शेवटचा खटका लागला की मूल सांगते, शूला जायचे आहे. दुसऱ्या दिवसापासून आम्ही क्रम बदलला. हॉटेलच्या तळघरातल्या स्कीच्या खोलीत भिंतीला गरम हवेच्या नळ्या होत्या, त्यांच्यावर बूट उलटे अडकवून ठेवले की सकाळी कोरडे आणि कोमट मिळत. मी हॉटेलला तारे देणार असते तर खोलीतल्या गाद्यांपेक्षा या नळ्यांकडे पाहून दिले असते. साल्झबर्ग राज्यात पंधरा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्यानेच सक्तीचे आहे, आणि ते भाड्याने मिळते. शाळेत मुलांना थांबायला शिकवतात ते स्कीची पुढची टोके जुळवून, मागची फाकवून; या आकाराला ‘पिझ्झा’ म्हणतात, आणि दोन्ही स्की समांतर ठेवून सुटण्याला ‘पोमेस’, म्हणजे बटाट्याच्या सळ्या. उतारावर शिक्षक ओरडत असतात पिझ्झा, पिझ्झा, आणि वीस चिमुरडी एकामागून एक पाय फाकवून थांबतात. आमची लेक पहिले दोन दिवस नुसती पोमेस होती. ती थांबायची ती समोरच्या जाळीतच.

मी स्वतः श्मिटनच्या माथ्यावरच्या सौम्य उतारांवर खूष होते. तिथून थेट गावात उतरणाऱ्या काही उतारांचा रंग नकाशावर काळा आहे, म्हणजे अवघड, त्यामुळे दिवसाच्या शेवटी मी निमूट गोंडोलात बसून खाली येत असे. स्की करणाऱ्या मंडळींत हे जरा कमीपणाचे समजतात. समजोत.

सासूबाईंचा दिवस तळ्यावर जात असे. तळे सुमारे चार किलोमीटर लांब, दीडेक किलोमीटर रुंद आणि सर्वांत खोल जागी सत्तर मीटरच्या आसपास खोल आहे. भोवतीची फेरी अकरा-बारा किलोमीटरची, म्हणजे रंकाळ्याच्या फेरीच्या दुपटीहून जास्त. त्यांनी ती दोन दिवसांत अर्धी अर्धी करून पुरी केली, बुटांना रबरी काटेरी पट्टे बांधून. मी बरोबर होते तेव्हा टूमर्सबाखच्या बाजूने, पूर्वेकडच्या काठाने आम्ही चाललो. तिथून गाव समोर दिसते, चर्चचा जुना मनोरा दिसतो, आणि दक्षिणेला कित्सश्टाइनहॉर्नचा पांढरा सुळका उभा असतो. काठच्या उथळ कोपऱ्यांत बर्फ धरला होता, मधले पाणी मोकळे आणि काळेशार होते. एवढ्या थंडीत सगळे तळे का गोठत नाही, हा सासूबाईंचा प्रश्न होता. पाणी चार अंशांपाशी सर्वांत जड असते. वरचे पाणी थंड झाले की खाली जाते आणि खालचे वर येते, आणि ही घुसळण तळापर्यंत पुरी होऊन सगळे तळे चार अंशांवर आल्याखेरीज वरचा थर गोठायला लागत नाही. खोल तळ्याला त्यासाठी वेळ लागतो. काठाचा बर्फ अधूनमधून गुरगुरल्यासारखा आवाज करी. बर्फावर पाऊल ठेवू नये अशी पाटी होती, आणि तरीही एक कुत्रा त्यावर बसला होता.

पाणी इतके नितळ होते की घाटाच्या पायरीवरून तळाचे गोटे मोजता येत. सासूबाई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. रंकाळ्याचे पाणी हिरवे पडलेले, केंदाळ माजलेले, नाल्यांचे सांडपाणी थांबवा म्हणून लोक काठावर जमलेले, हे सगळे त्यांनी रोजच्या फेरीत पाहिले आहे. त्सेलचे तळेही पूर्वी असे नव्हते. पर्यटक वाढले, हॉटेले वाढली, सगळ्यांचे सांडपाणी तळ्यात जाऊ लागले आणि १९५० च्या दशकात त्यात शेवाळ माजले. मग गावाने तळ्याभोवती सांडपाण्याची वाहिनी टाकली आणि तळ्यात जाणारे घाण पाणी त्याच्या बाहेरून काढून दिले. ज्या हॉटेलांचे दर तळ्यावर ठरतात त्यांना तळे घाण परवडत नाही, हे त्यामागचे साधे कारण. मी हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे काठावर भेळेच्या गाड्या आहेत, त्यांचाही धंदा तळ्यावरच चालतो की."

विम्याचे एक सांगते. शेंगेन व्हिसासाठी काढलेला प्रवासविमा स्कीच्या अपघाताला पुरतोच असे नाही. पुष्कळदा तो तेवढाच भाग वगळतो. डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचे बिल हजारो युरोंत जाते आणि ते जखमी माणसाच्या नावावर येते. आम्ही दोघे जर्मन अल्पाइन संघाचे सभासद आहोत, त्या वर्गणीत डोंगरातून सुटकेच्या खर्चाचा विमा धरलेला असतो. सासूबाई स्की करणार नव्हत्या, तरी एक दिवस पायी प्रवाशाचे तिकीट काढून त्या श्मिटनच्या माथ्यावर आल्या, बर्फात खुर्ची टाकून बसल्या आणि त्यांनी नातीचा पहिला खरा पिझ्झा पाहिला.

निघायच्या सकाळी बिल आले. खोल्यांचे आणि जेवणाचे २२०२ युरो, आधी सांगितले होते तेवढेच. त्यावर रात्रीगणिक माणशी स्थानिक कर, जो जाहिरातीतल्या दरात कधीच धरलेला नसतो आणि लहान मुलांना लागत नाही. आणि त्या एका पाण्याच्या बाटलीचे पाच युरो ऐंशी सेंट. नवऱ्याने सहज विचारले की याच खोल्या पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, बव्हेरियातल्या शाळांच्या सुट्टीत, कितीला पडतील. मालकीणबाईंनी संगणकात पाहिले, जरा अवघडून एका चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि चिठ्ठी उलटी करून पुढे सरकवली. माणशी १६२, आणि शनिवार ते शनिवार, सात रात्री. लेकीने तोपर्यंत काउंटरवरच्या बशीतला तिळगूळ संपवला होता. आमच्या गाडीची वेळ होत आली होती, आणि बॅगा पुन्हा त्या खडीवरून ओढायच्या होत्या.